पहिल्या वाक्यात कोण बसणार?

इंट्रो चटपटीत करायला सगळेच शिकवतात. पण बातमीच्या पहिल्या वाक्यात कोणाला जागा द्यायची, हे शिकायचं कधी?

२८ मे २०२१, शुक्रवारची रात्र. उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये नेहरू चौक परिसरातल्या एका पाच मजली इमारतीत वरचा स्लॅब सुटला आणि खालचे मजले घेत थेट तळाला आला. सात जण गेले.

समजा, ही बातमी तुम्हाला लिहायची आहे. पहिलं वाक्य काय लिहाल? तीन नमुने देते. तिन्ही मीच लिहिलेत, कुठल्या पेपरातून उचललेले नाहीत. पण रोज पेपर वाचणाऱ्याला ते ओळखीचे वाटतील.

पहिला : ‘उल्हासनगर कॅम्प दोन येथे इमारतीचा स्लॅब कोसळून सात जणांचा मृत्यू झाल्याची धक्कादायक घटना शुक्रवारी रात्री घडली असून, घटनेची माहिती मिळताच अग्निशमन दल, पोलिस व महापालिकेच्या अधिकाऱ्यांनी घटनास्थळी धाव घेतली.’

दुसरा : ‘स्लॅब दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर शहरातील जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट करण्याचे निर्देश देण्यात आले आहेत.’

तिसरा : ‘उल्हासनगरमध्ये तेरा दिवसांत दुसऱ्या इमारतीचा स्लॅब कोसळला. नेहरू चौकात शुक्रवारी रात्री सात जणांचा जीव गेला.’

तिन्ही वाक्यांत खोटं काही नाही. पहिल्यात मेलेली माणसं आहेत, पण वाक्य संपतं ते धावत आलेल्या अधिकाऱ्यांवर. दुसऱ्यात माणसं नाहीतच, नुसते निर्देश आहेत. तिसरं वाक्य सांगतं, की १५ मे रोजी याच शहरात एका इमारतीत असंच झालं होतं, म्हणजे हा एका बिल्डिंगचा प्रश्न नाही. ते वाचून शेजारच्या बिल्डिंगमधला माणूस मान वर करून आपल्या छताकडे बघेल. पहिली दोन वाचून तो पान उलटेल.

पत्रकारितेच्या वर्गात आम्हाला पहिलं वाक्य ‘स्ट्राँग’ कसं करायचं हे शिकवतात. शिकवायलाच हवं. पण स्ट्राँग म्हणजे काय, यावर आमच्यात गोंधळ आहे. बहुतेकांना वाटतं, वाचणारा दचकला पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. पहिल्या वाक्यात जागा फार थोडी असते. ती कोणाला द्यायची, हे ज्याला नीट ठरवता आलं त्याचं वाक्य आपोआप स्ट्राँग होतं.

खालून कापायची सोय

आधी थोडं मागे जाऊ. बातमीच्या पहिल्या परिच्छेदाला डेस्कवर ‘इंट्रो’ म्हणतात. कोण, काय, कुठे, केव्हा, का आणि कसं, या सहा ‘क’कारांची उत्तरं त्यात शक्य तितकी यावीत आणि मग महत्त्व कमी होत जाईल तशी माहिती खाली खाली जावी, असा नियम. याला उलटा पिरॅमिड म्हणतात. परीक्षेत पाच मार्कांना हमखास येतो.

हा नियम कामाच्या गरजेतून आला. तारेनं बातमी पाठवायची तर शब्दाला पैसे पडत, आणि मध्येच लाइन तुटली तर निदान मुख्य गोष्ट पोचलेली असली पाहिजे. छापखान्यात खिळे जुळवून पान लावायचे, तेव्हा जागा कमी पडली की बातमी खालून कापत. शेवटचा परिच्छेद गेला तरी बातमी जिवंत राहायची.

आता तार गेली, खिळे गेले, पण कापणं थांबलेलं नाही. फोनच्या नोटिफिकेशनमध्ये मथळा आणि फार तर एक ओळ दिसते. सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फॉरवर्ड होते तेव्हा लिंक कोणी उघडत नाही, वरच्या दोन ओळी वाचून भांडण सुरू होतं. पूर्वी उपसंपादक खालून कापायचा, आता वाचणाराच कापतो, आणि तो बऱ्याचदा पहिल्या वाक्यानंतरच कापतो. म्हणजे त्या एका वाक्यात ज्याला जागा मिळाली नाही, तो बहुतेक वाचकांपुरता त्या बातमीत नव्हताच.

मराठीत क्रियापद शेवटी येतं

इंट्रोचे धडे बहुतेक इंग्रजी पुस्तकांतून येतात. ‘वाक्य छोटं ठेवा, एका वाक्यात एकच कल्पना’ वगैरे. ते बरोबरच आहे, पण आपल्या भाषेची एक वेगळी अडचण आहे आणि ती कोणी फोडून सांगत नाही. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद येतं, त्यामुळे काय झालं ते सुरुवातीलाच कळतं. मराठीत क्रियापद शेवटी. मधल्या जागेत आपण ‘मुळे’, ‘ल्याने’, ‘असलेल्या’, ‘करून’ असे डबे जोडत जातो आणि वाचणारा इंजिनची वाट बघत बसतो.

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून साधारण १०५० प्रवाशांना बाहेर काढलं. त्यांत नऊ गरोदर महिला होत्या. सगळे सुखरूप निघाले.

आता सहाही ‘क’कार कोंबून लिहिलेला इंट्रो बघा :

‘मुंबईहून कोल्हापूरकडे जाणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस शुक्रवारी रात्रीपासून सुरू असलेल्या मुसळधार पावसामुळे उल्हास नदीला आलेल्या पुराचे पाणी रुळांवर साचल्याने बदलापूर आणि वांगणी स्थानकांदरम्यान अडकून पडल्यामुळे गाडीत रात्रभर ताटकळलेल्या सुमारे १०५० प्रवाशांची एनडीआरएफ, नौदल व स्थानिक ग्रामस्थांच्या मदतीने शनिवारी सुखरूप सुटका करण्यात आली.’

व्याकरण चोख आहे. परीक्षेत पाचपैकी पाच. पण एकेचाळीस शब्दांच्या या वाक्यात ‘सुटका’ हा शब्द एकोणचाळिसावा आहे. ज्या घरातलं माणूस त्या गाडीत होतं, त्या घराला एकच गोष्ट हवी होती : सुटले का? त्यांना अडतीस शब्द थांबवून ठेवायचं कारण काय?

हेच असं लिहिता येतं : ‘महालक्ष्मी एक्स्प्रेसमधले सर्व, सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर आले आहेत. बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात ही गाडी रात्रभर उभी होती.’ का आणि कसं, हे तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येऊ द्या. बिघडत काहीच नाही.

मराठी क्रियापदाची जागा बदलायची गरज नाही. ते शेवटीच शोभतं. फक्त ते लवकर येईल एवढं बघायचं, म्हणजे पूर्णविराम लवकर द्यायचा. आणि वाक्य जमलंय का हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे ते मोठ्यानं म्हणून बघणं. घरी फोन करून हीच बातमी सांगताना ‘मुसळधार पावसामुळे उल्हास नदीला आलेल्या’ अशी सुरुवात कोणी करेल का? आपण म्हणू, ‘अगं आई, सगळे सुटले गाडीतले.’ बोलताना आपल्या सगळ्यांना इंट्रो जमतो. लिहायला बसलो की प्रेस नोट अंगात येते.

चांगलं ‘हस्ते’ होतं, वाईट आपोआप

प्रेस नोटचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगते. कुठल्याही शहराच्या पुरवणीचं पान उघडा आणि दोन याद्या करा. एकीकडे चांगल्या गोष्टी, दुसरीकडे वाईट.

चांगल्या गोष्टींना नेहमी कर्ता असतो. उद्घाटन अमुक यांच्या हस्ते, रस्त्याचं काम तमुक यांच्या प्रयत्नांतून, वह्यावाटप अमुक यांच्या वतीनं. नाव, पद, कधीकधी फोटोही. वाईट गोष्टी मात्र आपल्या आपण घडतात. खड्डे पडतात. नाला तुंबतो. वालधुनी नदी प्रदूषित होते. पाणी येत नाही. स्लॅब कोसळतो. ही सगळी वाक्यं मराठी व्याकरणात बसतात, आणि एकातही कुणी काही केल्याचं, किंवा करायचं राहिल्याचं, दिसत नाही. भर म्हणून आपल्याकडे ‘करण्यात आले’ नावाचा हुकमी एक्का आहे. परवानगी देण्यात आली, नोटीस बजावण्यात आली, दुर्लक्ष करण्यात आले. कोणी? ते वाक्यात नसतं.

याचा अर्थ पहिल्याच वाक्यात कुणाला तरी आरोपी करून टाकायचं, असा नाही. चौकशी व्हायच्या आत बिल्डरला नाहीतर अधिकाऱ्याला दोषी ठरवणं ही वाईट पत्रकारिता आहे. पण दोषी ठरवणं वेगळं आणि नोंदीत असलेली गोष्ट सांगणं वेगळं. इमारत कोणत्या वर्षी बांधली? परवानगी होती का? आधी नोटीस दिली होती का, दिली असेल तर कधी? यातलं एक जरी उत्तर हाती असेल तर ते दुसऱ्या वाक्यात आलं पाहिजे. आणि उल्हासनगरपुरती तर यामागे मोठी गोष्ट आहे. इथली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्यानं २००६ मध्ये या एका शहरासाठी वेगळा कायदा केला. इथे स्लॅब कोसळल्याची बातमी ‘अचानक’ या शब्दानं सुरू करणाऱ्यानं शहराचा हा इतिहास आधी वाचावा.

शहराचे ठरलेले इंट्रो

माणसांप्रमाणे गावांनाही ठरलेले इंट्रो चिकटतात. अंबरनाथबद्दल फीचर असेल तर पहिल्या वाक्यात प्राचीन शिवमंदिर. मंदिर आहेच तसं, १०६० सालचा शिलालेख आहे त्यात. पण बातमी एमआयडीसीतल्या कामगारांची असली तरी सुरुवात मंदिरापासून का? बदलापूर म्हटलं की ‘झपाट्यानं वाढणारं शहर’. आणि उल्हासनगर म्हटलं की विषयच संपला : ‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, डुप्लिकेट माल, हा-हा-हा.

हा विनोद मी शाळेपासून ऐकतेय. तो इंट्रोमध्ये आला की पुढच्या बातमीचं काय होतं बघा. जीन्स शिवणाऱ्या कारागिराची बातमी असो, गजानन मार्केटमधल्या कापड दुकानदाराची असो, वाचणारा आधीच हसून मोकळा झालेला असतो. पुढे काही गंभीर असेल असं त्याला वाटतच नाही.

याच शहराची दुसरी सुरुवातही आहे. दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी, फाळणीनंतर तिच्या बराकींमध्ये आणून ठेवलेली सिंधी निर्वासित कुटुंबं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांच्या उपस्थितीत मिळालेलं उल्हासनगर हे नाव. आपण अजूनही पत्ता सांगताना ‘दोन नंबर’, ‘चार नंबर’ म्हणतो, ते त्या छावणीचे नंबर आहेत. प्रत्येक बातमीत हे लिहा असं मी म्हणत नाही. पण सवयीचं वाक्य हातात आलं की एकदा विचारावं : हे या बातमीचं वाक्य आहे की माझ्या डोक्यात आधीपासून बसलेलं?

रूळ की मुली?

आता सगळ्यात अवघड उदाहरण. ऑगस्ट २०२४, बदलापूर. एका शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. ती नोंदवून घ्यायला पोलिस ठाण्यात उशीर झाला आणि पालकांना तासन्‌तास थांबावं लागलं, यावरून लोक भडकले. मंगळवार, २० ऑगस्टला बदलापूरकर स्टेशनात शिरले आणि सुमारे दहा तास गाड्या बंद राहिल्या.

त्या दिवशीची बातमी ‘रेल रोकोमुळे मध्य रेल्वेची वाहतूक विस्कळित’ अशी सुरू करता येते. लाखो लोक या मार्गानं येतात-जातात, त्यांना ही माहिती हवीच असते. कल्याणला अडकलेल्या माणसाला पहिल्यांदा हेच कळलं पाहिजे. पण संपूर्ण बातमीचं पहिलं वाक्य जर एवढंच असेल, तर ती गोष्ट गैरसोयीची होते. लोक रुळांवर का उतरले, हे पाचव्या परिच्छेदात जातं, आणि पाचव्या परिच्छेदापर्यंत किती जण पोचतात ते आपण वर पाहिलं.

दुसरी सुरुवात अशी होऊ शकते : ‘मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलिस ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. त्याचा जाब विचारत मंगळवारी बदलापूरकरांनी दहा तास रेल्वे रोखून धरली.’ गाड्या यातही आहेत, फक्त कारणाच्या मागून आल्या आहेत.

हेच उदाहरण दुसऱ्या बाजूनंही शिकवतं. ‘तपशील द्या, चित्र उभं करा’ असं आम्हाला सांगतात. इथे तो सल्ला घातक आहे. मुलीचं नाव, घर, शाळा, कुटुंब, परिसर, किंवा जिच्यावरून ती ओळखू येईल अशी कुठलीही माहिती माध्यमांनी देऊ नये, असं पॉक्सो कायद्याचं कलम २३ सांगतं. मुलीच्या घराच्या गल्लीचं हृदयस्पर्शी वर्णन करून सुरू केलेला इंट्रो दहा हजार लाइक मिळवेल आणि त्या कुटुंबाला गाव सोडायला लावेल. कोणाला पहिल्या वाक्यात बसवायचं याइतकंच कोणाला तिथून जपून दूर ठेवायचं, हेही शिकावं लागतं.

ओरडणं म्हणजे जोर नव्हे

जोरदार सुरुवात हवी म्हटलं की आमच्या पिढीचा हात रीलच्या भाषेकडे जातो. ‘धक्कादायक!’, ‘तुम्हाला माहीत आहे का?’, ‘पुढे जे घडलं ते वाचून थक्क व्हाल’. यांत माहिती शून्य असते. ‘धक्कादायक’ हा शब्द वाचकाला काय वाटायला हवं ते सांगतो, काय झालं ते सांगत नाही. सात जण गेले, हे वाचून ज्याला धक्का बसणार नाही त्याला ‘धक्कादायक’ लिहूनही बसणार नाही. ‘एकच खळबळ उडाली’, ‘परिसरात हळहळ व्यक्त होत आहे’ ही त्याचीच भावंडं. हळहळ कोणी, कशी व्यक्त केली ते पाहिलं असेल तर लिहा. नसेल तर वाक्य सोडा.

शांत वाक्यात किती ताकद असते याची दोन जुनी उदाहरणं जगभर शिकवली जातात. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्यावर नाट्यगृहात गोळी झाडली गेली. असोसिएटेड प्रेसचा वॉशिंग्टनमधला बातमीदार लॉरेन्स गोब्राइट यानं पहिली तार पाठवली ती एका वाक्याची : अध्यक्षांवर आज रात्री नाट्यगृहात गोळी झाडली गेली, जखम कदाचित प्राणघातक आहे. विशेषण एक नाही. पण मला त्यातला ‘कदाचित’ सगळ्यात मोलाचा वाटतो. शतकातली सगळ्यात मोठी बातमी हातात असताना तो माणूस आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहितो. आपल्याकडे दुर्घटनेच्या रात्री मृतांचा आकडा तासातासाला बदलतो. अशा वेळी ‘आतापर्यंत’ हा एक शब्द वाक्य दुबळं करत नाही, खरं करतो.

दुसरं उदाहरण नोव्हेंबर १९६३ चं. अध्यक्ष केनेडी यांच्या अंत्यविधीला जगभरचे बातमीदार जमले. सगळ्यांनी राष्ट्रप्रमुख, लष्करी मानवंदना, कुटुंब यांवर लिहिलं. न्यूयॉर्क हेराल्ड ट्रिब्यूनचा जिमी ब्रेस्लिन कबर खणणाऱ्या कामगाराकडे गेला आणि त्याच्यापासून लेख सुरू केला. तासाला ३ डॉलर १ सेंट मिळवणारा तो माणूस रविवारची सुटी सोडून कामावर आला होता. लोकांना तो लेख साठ वर्षांनीही आठवतो. ब्रेस्लिननं भारी शब्द वापरले नाहीत. बाकीच्यांनी जिथे बघितलं नव्हतं, तिथे तो गेला, एवढंच.

‘एवढा वेळ असतो कुठे?’

यावर डेस्कवरून येणारं उत्तर मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. एका वार्ताहराकडे दोन-तीन शहरं असतात. दिवसाला पाच-सहा बातम्या द्यायच्या, त्यातल्या अर्ध्या प्रेस नोटवरून. कित्येकांना पगार नाही, बातमीमागे मानधन. अशा माणसाला ‘पहिल्या वाक्यावर विचार कर’ म्हणणं सोपं आहे. आम्हा इंटर्नना निदान वेळ असतो. म्हणूनच सवय आत्ताच लागायला हवी, कारण घाईत हात सवयीकडेच जातो. ‘करण्यात आले’ची सवय लागली असेल तर रात्री अकराला ‘करण्यात आले’च उमटणार. ‘कोणी केलं?’ विचारायची सवय असेल तर तेही रात्री अकराला आपोआप विचारलं जाईल.

दुसरा आक्षेप असा, की बातमीदारानं तटस्थ असावं, कोणाला पुढे बसवायचं हे ठरवणारे आपण कोण? बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी काढलेल्या पहिल्या मराठी वृत्तपत्राचं नाव ‘दर्पण’ होतं. आरसा समोरचं सगळं एकदम दाखवतो. वाक्याला ते जमत नाही, त्यात शब्द एकामागून एकच येतात. कोणीतरी पहिला येणारच. अधिकाऱ्याला पहिलं बसवलं तर तीही निवडच आहे, फक्त ती निवड प्रेस नोट लिहिणाऱ्यानं आपल्यासाठी करून ठेवलेली असते.

म्हणून दोन मागण्या. पत्रकारितेच्या वर्गांत इंट्रोचा सराव आपल्याच शहरांतल्या घटनांवर घ्या. एक प्रेस नोट द्या, मुलांना त्या जागेवर पाठवा आणि परत आल्यावर पहिलं वाक्य लिहायला सांगा. दोन्हीतला फरक हाच धडा. आणि वृत्तपत्रांनी इंटर्नच्या हातात नुसती टायपिंगची कामं न देता महिन्यातून चार तरी बातम्या जागेवर जाऊन करू द्याव्यात.

पत्रकार नसलेल्या वाचकांनाही हे उपयोगी आहे बरं का. महापालिकेला अर्ज लिहिताना आपण ‘वरील विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक कळविण्यात येते की’ने सुरुवात करतो आणि पाणी चौथ्या ओळीत येतं. त्याऐवजी ‘आमच्या इमारतीतील २४ घरांना नऊ दिवस पाणी नाही’ असं लिहून बघा. अर्ज वाचणाराही माणूसच असतो, आणि तोही पहिल्या वाक्यानंतर थकतो.

पावसाळ्यापूर्वी आपल्या महापालिका आणि नगरपालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची. सी-२बी म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या यादीची बातमी बहुतेक वेळा ‘शहरात इतक्या इमारती धोकादायक असल्याचे सर्वेक्षणात निष्पन्न झाले आहे’ अशी सुरू होते आणि आकड्यावरच संपते.

पुढची यादी येईल तेव्हा आपल्यातल्या कोणीतरी त्यातली एक सी-१ इमारत निवडावी, जिना चढून वर जावं आणि दार वाजवावं. घर सोडा अशी नोटीस आहे, पावसाला दोन आठवडे उरलेत, जाणार कुठे, असं विचारावं. जे उत्तर मिळेल तेच पहिलं वाक्य म्हणून लिहावं. किती इमारती, हे दुसऱ्या वाक्यात सांगता येईल.